सुवासाचे सात मान्य चेक शब्द

एखादी भाषा येणं ही इतकी गंभीर बाब आहे, की ती नुसत्या बोलणाऱ्यांच्या हाती सोपवून चालत नाही. त्यासाठी मंडळ लागतं. परकीय भाषा पात्रता मंडळ हे काम नऊ वर्षं निष्ठेने करत होतं. या काळात चेक भाषेच्या परीक्षेत दोनशे चौदा उमेदवार उत्तीर्ण झाले. त्यांतल्या एकालाही चेक बोलता येत नसे (त्यामुळे वशिल्याची तक्रार कधीच आली नाही).

अशा या मंडळापुढे एक शिंपीणबाई येऊन उभ्या राहिल्या. बाई जन्माने चेक, आईबापाकडून चेक, आणि बोटात सुई घुसली की तोंडातून जे बाहेर पडे त्यावरून तर अस्सल चेक. लग्न करून इकडे आल्याला पंचवीस वर्षं झाली होती. अलीकडे सुईत दोरा ओवताना नजर दगा देई. तिरकी शिवण आली म्हणून तीन कोट परत आले होते. संध्याकाळच्या भाषाशाळेत चेक शिकवायची जागा निघाली, तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला. ती हुकली तर दुकानाला कुलूप लावून घरी बसायचं होतं.

जागेसाठी मंडळाचं प्रमाणपत्र हवं. परीक्षेतला सगळ्यात मानाचा प्रश्न असा : छान वासासाठी इंग्रजीत असलेले सात शब्द आणि त्यांचे चेक अर्थ. टेबलावर सात बाटल्या मांडलेल्या. त्यांवर चिठ्ठ्या : अरोमा, बाम, बुके, फ्रॅग्रन्स, पर्फ्यूम, रेडोलन्स, सेंट. बुचं लाखेने बंद (वास घेतल्याने उमेदवाराचं मत कलुषित होतं, असं मंडळाचं निरीक्षण आहे).

बाईंनी अरोमापुढे 'आरोमा' लिहिलं, पर्फ्यूमपुढे 'पारफेम'. उरलेल्या पाचांपुढे त्यांनी 'वून्ये' लिहिलं. फुलाला, साबणाला, भट्टीतून निघालेल्या पावाला त्या जन्मभर तेच म्हणत आल्या होत्या. सातपैकी तीन गुण मिळाले.

"अहो साहेब, आमच्याकडे या सगळ्याला वून्येच म्हणतात!"

"तुमच्याकडे म्हणत असतील," परीक्षाप्रमुख मायेने म्हणाले. "आम्ही चेक भाषेबद्दल बोलतोय."

परीक्षाप्रमुखांचा अधिकार वादातीत होता. बाई येईपर्यंत त्यांची एकाही चेक माणसाशी गाठ पडली नव्हती, त्यामुळे त्यांची चेक अगदी निर्भेळ राहिली होती. त्यांच्याकडे शब्दकोश होता आणि मंडळाचा नियम क्रमांक चार होता : एकदा वापरलेला अर्थ पुन्हा वापरू नये. वून्ये फ्रॅग्रन्सने पटकावल्यावर बाकीच्यांसाठी ते शब्दकोशात खाली खाली सरकत गेले होते. बुकेला 'किटित्से', म्हणजे फुलांचा गुच्छ. रेडोलन्सला 'व्झ्पोमिन्का', म्हणजे आठवण. एका ओळीत एक शब्द, कोरी जागा नाही, पुनरुक्ती नाही. इतकी नीटनेटकी यादी खुद्द चेक लोकांनाही कधी जमली नसती.

बाई घरी येऊन आधी रडल्या, मग पाठांतराला बसल्या. नवरा इस्त्री करता करता प्रश्न विचारी.

"सेंट?"

"स्तोपा."

"म्हणजे?"

"कुत्रा हुंगत हुंगत जातो ना, तो माग."

"छान वास आहे का गं तो?"

"कुत्र्याला विचारा. पुढचा शब्द सांगा."

तीन आठवड्यांत बाईंची स्वतःची भाषा बरीच सुधारली. दुसऱ्या खेपेला सातपैकी सात! परीक्षाप्रमुखांनी हात मिळवून सांगितलं, "बघा, मनावर घेतलं की चेक येते." भाषाशाळेत जागा मिळाली, आणि वर्षभरात मंडळानेही त्यांना उत्तरपत्रिका तपासायला बोलावलं. (तोंडी परीक्षा घ्यायचं काम मात्र दिलं नाही, त्यांचे उच्चार फार चेक वाटतात.)

पुढच्याच खेपेला त्यांची सख्खी भाची परीक्षेला बसली. महिन्यापूर्वीच मावशीकडे राहायला आलेली, इथे मुक्काम वाढवायचा तर तिलाही तेच प्रमाणपत्र हवं होतं. तिने पाच ठिकाणी वून्ये लिहिलं. बाईंनी मंडळाची यादी पुन्हा एकदा पाहिली, हे खरं. मग त्यांनी चार ठिकाणी लाल फुली मारली आणि समासात शेरा दिला : 'शब्दसंग्रह तोकडा.'

"अगं मावशी," भाची निकालाच्या फळ्याखाली रडकुंडीला येऊन म्हणाली, "काल माझ्या ओल्या केसांना तूच म्हणालीस ना, काय वून्ये आहे म्हणून!"

"घरी काहीही म्हणावं," मावशी म्हणाल्या. "आणि इथे मला बाई म्हण."

भाचीची बॅग दोन दिवसांत भरून झाली. मावशीने तिला फाटकापर्यंत पोहोचवलं आणि परत येऊन उरलेल्या उत्तरपत्रिका तपासल्या.

या हकिकतीला वाचकांनी खुशाल हसावं. त्याला मंडळाची परवानगी लागत नाही. फक्त हसून झालं की एक कोरा कागद घ्यावा. सुगंध, सुवास, परिमळ, सौरभ, दरवळ आणि घमघमाट यांचे अर्थ, एक अर्थ दोनदा न वापरता, कुणालाही न विचारता लिहावेत. जमल्यास मंडळात तपासनिसाची जागा आहे. 'आम्ही सगळ्याला छान वासच म्हणतो' असं उत्तर असल्यास आपल्याला मराठी येत असल्याचा अन्य पुरावा सोबत जोडावा.