कर्लचं उत्तर उणे

अठ्ठ्याण्णव साली प्रा. नागसेन कुरणे यांच्या वाट्याला बीएस्सीचा गणिती पद्धतींचा पेपर आला. त्यातलं व्हेक्टर कॅल्क्युलस त्यांनी स्वतःच्या परीक्षेत पाठांतरावर काढलं होतं, पण हे सांगणार कोणाला? त्यांनी हसून होकार दिला.

पहिले दोन तास निभावले. तिसऱ्याला कर्ल आला. प्रवाह कुठे, किती आणि कुठल्या बाजूला गरगरतो, ते सांगणारी ही राशी. फळ्यावर उत्तर उणे आलं, पुस्तकात अधिक होतं.

"छपाईची चूक आहे," सर म्हणाले.

"तीन पुस्तकांत, सर?" पहिल्या बाकावरच्या रूपालीने अगदी साधेपणाने विचारलं.

"उद्या बघू."

त्या संध्याकाळी सर मंगळवार पेठेत, पिठाच्या गिरणीच्या माडीवर भरणाऱ्या कृष्णात सरांच्या क्लासला गेले. कृष्णात त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान. आपण बँकेत असतो, हौस म्हणून बाहेरून एमएस्सी करतोय, असं नागसेननी त्याला सांगितलं. कॉलेजात कर्ल बाजूला ठेवून ते पुढचा धडा घेऊ लागले आणि क्लासात मागच्या बाकावर बसून वही भरू लागले.

आठव्या दिवशी, कॉलेजात राहून गेलेला कर्ल शिकायला, वही घेऊन रूपाली क्लासच्या दारात उभी.

"सर, तुम्ही इथं?"

"पुतण्याच्या प्रवेशाची चौकशी करायला आलो होतो."

"कसला पुतण्या?" कृष्णात फळ्यापासून वळला. "पावणं, आठ दिस झालं तुम्हीच येताय की. आन् अजून डाव्या हाताचा अंगठा धरताय. नियम उजव्या हाताचा हाय, बोटं प्रवाहासंगं वळवली की अंगठा दिशा दावतो. उजव्या हातात पेन, म्हणून नियम डाव्यानं लावायचा व्हय? उत्तर उलटंच येणार." मग त्याने रूपालीला विचारलं, "वळखता ह्यास्नी?"

रूपालीने वहीवरची नजर उचलली नाही. "आमच्या गल्लीत राहत्यात," ती म्हणाली.

नागसेननी वही मिटली. पोरीने सगळ्यांसमोर हसून घेतलं असतं तर परवडलं असतं. आपल्यापायी ती खोटं बोलली, हे त्यांना सहन होईना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात खडू खाली ठेवला. "पुस्तकं बरोबर होती. मी चुकीचा हात धरत होतो. आणि हे मला शिकवणीला जाऊन कळलं."

कोणी हसलं नाही. मग त्यांनी उजवा हात मोकळा ठेवून कर्ल शिकवला. उत्तर अधिक आलं.

दुपारी विभागप्रमुख वसंतराव सान्यांचं बोलावणं आलं. बातमी पोचली होती. नागसेन खाली मान घालून उभे राहिले.

"दार लावा," वसंतराव म्हणाले. बराच वेळ ते चष्मा पुसत राहिले. "त्या क्लासची सकाळची बॅच असते का हो?"

"कोणासाठी, सर?"

"तुमच्याआधी अकरा वर्षं तो पेपर माझ्याकडे होता. कर्ल आला की मी मुलांना सांगायचो, सोपं आहे, घरी वाचा." त्यांनी चष्मा चढवला. "त्यातले चौघं आता प्राध्यापक झालेत."