सासऱ्यांचं भाषण, सासूबाईंच्या फोनवर

जगात असा एकही व्हिडिओ नाही, जो मी फोनात कोंबू शकत नाही! ही फुशारकी नाही, तो माझा धंदाच होता. आता फोन स्वतःच शहाणे झालेत. पण मी सांगतोय तेव्हा बोटानं सरकवायचे फोन नुकतेच आले होते आणि नेटवर्क मात्र मुंगीच्या पावलांनी चालायचं. व्हिडिओ म्हणजे डबलबेडची गादी आणि नेटवर्क म्हणजे उशीचा अभ्रा. ती गादी या अभ्र्यात घालायची, आणि वर बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की गादी आहे तेवढीच आहे! आमच्या कंपनीत हे काम माझ्याइतकं कोणालाच जमत नसे. निदान मी तसं म्हणायचो, आणि बाकीचे कामात असल्यामुळे कोणी नाही म्हणायचं नाही.

तर झालं असं, की माझे सासरे निवृत्त व्हायचे होते. ते पाणीपुरवठा खात्यात पंपचालक. पस्तीस वर्षं पंपाच्या घरघरीत काढल्यामुळे त्यांच्याकडे दोनच आवाज उरले होते, एक ओरडायचा आणि एक गप्प बसायचा. घरात ते दुसरा वापरत. निरोपाचा समारंभ आमच्या शहरात, खात्याच्या मुख्य कार्यालयात होता. त्यासाठी सासूबाई माळ्यावरची बॅग काढायला स्टुलावर चढल्या आणि बॅगेसकट खाली आल्या. उजवा पाय प्लास्टरमध्ये! पाच तासांचा प्रवास त्यांना शक्यच नव्हता, म्हणून सासरे एकटेच आले.

आदल्या दिवशी बायकोनं मला स्वयंपाकघरात ओढलं.

"अरे, बाबांनी भाषणात आईसाठी चार ओळी लिहिल्यात! मला कागद दाखवला. जन्मात तिच्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत ते, आणि आता लिहिलंय, तर ऐकायला तीच नाही."

"एवढंच ना? मी त्यांच्या फोनवर थेट दाखवतो!"

"आईच्या फोनवर?"

"मग? फोन मीच दिलाय ना त्यांना? लॅपटॉपला कॅमेरा लावायचा, आमच्या सर्व्हरवर पाठवायचं, तिथून आईंच्या हातात. चाळीस सेकंद उशिरा दिसेल, बाकी अगदी समोर बसल्यासारखं!"

"तिच्या गावात तपासून बघितलंस?"

"तपासायचं काय त्यात? आम्ही ऑफिसात रोज हेच करतो!"

करायचो खरं. पण कसं, तर एक फोन बघायला आणि दुसरा बोलायला, दोन्ही शहरातल्या चांगल्या नेटवर्कवर. हा तपशील त्या वेळी मला महत्त्वाचा वाटला नाही.

सासरे दारातच उभे होते. ते म्हणाले, म्हणजे ओरडले, "तिला दिसत असेल तरच मी ते वाचीन. नाहीतर 'आभारी आहे' म्हणून खाली बसेन!"

"बाबा, तुम्ही फक्त माझ्याकडे बघा. आईंना दिसायला लागलं की मी अंगठा वर करतो. मग उठा आणि बिनधास्त वाचा."

दुसऱ्या दिवशी चार वाजता सभागृह भरलं. मी पहिल्या रांगेच्या बाजूला टेबल मांडून बसलो. मोठे साहेब बोलायला उभे राहिले. त्यांच्यानंतर सासरे. मी सगळं सुरू केलं आणि सासूबाईंना फोन लावला.

"आई, दिसतंय का?"

"दिसत होतं हो! साहेब अगदी छान दिसत होते. आता बंद पडलं."

"वर कोपऱ्यात काय अक्षर दिसतंय?"

फोन शेजारच्या शिवणकामवाल्या काकूंनी घेतला. "इंग्रजी ई आहे!"

ई! म्हणजे जुनं, कासवछाप नेटवर्क. बरं, आपल्यालाही उपाय माहीत होता. मी माल निम्मा केला. सेकंदाला जितकं पाठवत होतो त्याच्या अर्धंच पाठवायला लागलो. दोन मिनिटं कळ काढली आणि पुन्हा फोन लावला.

"आता दिसतंय का?"

"अहो, आत्ता एवढ्यात आलं होतं! साहेब पाणी प्यायला लागले आणि गेलं."

साहेबांनी पाणी पिऊन मिनिट झालं होतं. ते चाळीस सेकंदांचं अंतर! पण चित्र जातंय कशानं? मी आणखी निम्मं केलं. लॅपटॉपवरचा भार कमी व्हावा म्हणून रेकॉर्डिंगही बंद करून टाकलं. पुन्हा फोन.

"आई?"

"आलं होतं, गेलं! आणि जावईबापू, मघाशी व्यासपीठावर ते तपकिरी कपाट कशाला उभं केलं होतं?"

"कपाट नाही आई, ते साहेब आहेत."

साहेबांचं भाषण आटोपत आलं होतं. सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही हात हलवले, नको, नको! साहेबांना वाटलं, मी त्यांनाच सांगतोय की थांबू नका. त्यांचा चेहरा खुलला आणि त्यांनी पाण्याच्या टाकीचा इतिहास पायाभरणीपासून सुरू केला.

तेवढ्यात माझं लक्ष साहेबांच्या मागच्या पडद्याकडे गेलं आणि मला साक्षात्कार झाला! आमच्या धंद्यात हलणारी वस्तू महाग पडते. माणूस स्थिर बसला की त्याला एकदा पाठवला, काम झालं. पण पडदा हलला की त्याची प्रत्येक सुरकुती नव्यानं पाठवावी लागते. आणि तो पडदा तर पंख्याच्या वाऱ्यानं नुसता फडफडत होता, वर त्यावर फुलं! माझा सगळा माल ती फुलंच खात होती. मी उठलो आणि सभागृहातले सगळे पंखे बंद केले.

"ए, लाइट गेली काय?" मागून कोणीतरी विचारलं.

"लाइट कशी गेली? दिवे तर चालू आहेत!"

"कोण आहे रे तिकडे?"

बायको धावत आली. "काय करतोयस तू? दोनशे माणसं बसलीत इथं!"

"तुझ्या आईसाठीच करतोय! मला फक्त दहा मिनिटं दे."

मी पुन्हा फोन लावला. काकू म्हणाल्या, "आत्ता गेलं बघा!" राहिलं होतं कोण? साहेब! ते बोलताना हात असे फिरवत होते, की जणू टाकी स्वतः बांधतायत. मी वाकून व्यासपीठापाशी गेलो आणि त्यांच्या हातात चिठ्ठी दिली: 'कृपया हलू नये.'

साहेबांनी चिठ्ठी वाचली आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. बहुधा खांद्यावर विंचूबिंचू आहे असं त्यांना वाटलं असावं. ते ताठ झाले, ओठांच्या कोपऱ्यातून बोलायला लागले, आणि फक्त डोळे उजवीकडून डावीकडे फिरवत राहिले. पहिल्या रांगेतली माणसं हळूच खुर्च्या मागे सरकवू लागली. पंखे बंद, घामाच्या धारा, लोक समारंभाच्या पत्रिकेनं वारा घेतायत, टाकीचा इतिहास अजून दुसऱ्या मजल्यावरच, आणि सासरे हातातल्या कागदाची घडी घालतायत, उलगडतायत, पुन्हा घालतायत! त्या कागदाकडे बघवत नव्हतं मला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण इथं मी अंगणच उकरायला घेतलं होतं.

शेवटी मी मालाचा आकडा तळाला नेऊन ठेवला. त्याखाली फक्त पोस्टकार्ड. आणि फोन लावायला घेतला तर माझ्या फोनवर बायकोच्या मावशींचा फोन आला. मावशी अर्धा तास बोलल्याशिवाय सोडत नाहीत, पण मी तीन मिनिटांत सुटलो. लगेच सासूबाईंना लावला. त्या आनंदानं ओरडल्याच!

"जावईबापू, तीन मिनिटं सलग दिसलं! सगळे चौकोन चौकोन दिसतायत, पण आवाज अगदी स्वच्छ! आत्ता मात्र पुन्हा—"

पुढचं कोण ऐकतो! मी फोन बंद केला आणि अंगठा वर केला. एकच नाही, दोन्ही!

साहेब टाकी अर्धवट सोडून खाली बसले. सासरे उठले. कागद उलगडला. माइकसमोर माणूस बिचकतो, पण यांना माइकची गरजच नव्हती.

"पस्तीस वर्षं मी पंपावर होतो! गावाला रोज पाणी मिळालं, म्हणून तुम्ही आज मला इथं बोलावलंत. पण..."

ते थांबले. पुढचं त्यांनी जरा कमी आवाजात वाचलं.

"पण रात्रपाळी करून मी सकाळी घरी यायचो, तेव्हा घरात भांडं वाजत नसे. पोरगी रडली तर तिला उचलून ही जिन्यात जाऊन बसायची. थंडीतसुद्धा. तासन्‌तास. मी झोपलो म्हणून पंप चालला. मला झोपू दिलं तिनं. हे मी तिला कधी बोललो नाही, आज बोलतोय."

घाम पुसायच्या रुमालांनी लोक डोळे पुसत होते. ती जिन्यातली पोरगी म्हणजे माझी बायको, ती तर हुंदकेच देत होती. मलाही भरून आलं. आणि भरून आलं की माणूस काय करतो? मी फोन लावला!

"आई! ऐकलंत ना?"

"अहो, ते 'पण' म्हणाले आणि बंद पडलं!" सासूबाई रडवेल्या झाल्या होत्या. "पण काय? पण काय म्हणाले ते?"

इकडे भाषण संपलं होतं, तिकडे चाळीस सेकंद मागे ते 'पण'वरच होतं. आणि रेकॉर्डिंग तर मीच माझ्या हातानं बंद केलेलं. मला दरदरून घाम फुटला, आणि तो पंख्यांमुळे नव्हता.

सासरे व्यासपीठावरून थेट माझ्याकडे आले. चेहऱ्यावर लहान मुलासारखी उत्सुकता. "काय म्हणाली?"

मी लॅपटॉपच्या वायरी गुंडाळायला लागलो. शेवटी बायकोनंच सांगितलं. त्यांचा चेहरा असा उतरला की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"नेटवर्क खराब आहे हो तिकडे," मी पुटपुटलो. "मी सगळं करून बघितलं. सारखं तुटतं."

"कधी तुटतं?"

"कधीही! मी विचारायला फोन करतो, तर दर वेळी आत्ताच तुटलेलं असतं."

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. पंप बंद पडल्यावर नव्या हेल्परकडे बघत असतील तसं. "तिच्याकडे चित्र येतं तो पाइप आणि बोलणं येतं तो पाइप, वेगळे आहेत?"

"नाही, तसल्या जुन्या नेटवर्कवर एकच..."

"एकच ना? मग तुम्ही बोलायला लागलात की चित्राचा व्हॉल्व्ह बंद! किती वेळा फोन लावलात?"

बायकोनं माझ्या हातातला फोन घेऊन मोजलं. "सहा."

"आणि दिसलं कधी?"

"मावशीनं याला पकडून ठेवलं होतं तेव्हा," बायको म्हणाली.

मी सात वर्षं या धंद्यात होतो. सासऱ्यांनी तो अर्ध्या मिनिटात समजून घेतला होता. मी म्हटलं, "बाबा, मी पुन्हा सगळं लावतो. अजिबात फोन करणार नाही. तुम्ही पुन्हा एकदा वर जा, मी साहेबांना—"

साहेब त्या वेळी आपले खांदे झटकून बघत होते.

"कशाला?" सासरे म्हणाले. "बोलण्याचा व्हॉल्व्ह चालू आहे ना? द्या इकडे." त्यांनी माझा फोन घेतला, स्वतःच नंबर लावला आणि बाहेरच्या व्हरांड्यात गेले. आम्ही दोघं दाराआड उभे राहिलो.

"मी बोलतोय," ते म्हणाले. ओरडले नाहीत! हा त्यांचा तिसरा आवाज होता, मी पहिल्यांदाच ऐकत होतो. त्यांनी कागद उलगडला आणि सगळं वाचलं, पंपापासून जिन्यापर्यंत. मग थांबले.

"काय? ऐकू आलं नाही? बरं."

त्यांनी पुन्हा वाचलं. या वेळी आणखी सावकाश. मग पुन्हा थांबले.

"अजून नाही? मधलं तुटलं? कुठलं, जिन्याचं?"

आणि तिसऱ्यांदा जिन्यापासून सुरुवात! माझ्यातला तज्ज्ञ उसळून उठला. इतका वेळ माती खाल्ली, निदान एवढं तरी सुधारावं म्हणून मी पुढे झालो. "बाबा, खिडकीपाशी या, तिथं रेंज—"

बायकोनं सदऱ्याला धरून मला मागे खेचलं. "गप्प बस! तिला पहिल्या वेळीच सगळं ऐकू आलंय!"

"असं कसं? त्या म्हणतायत ना, आलं नाही म्हणून?"

बायकोनं कपाळावर हात मारला. व्हरांड्यात सासऱ्यांनी चौथ्यांदा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. त्यांनी फोन या कानाचा त्या कानाला नेला, तेवढ्यात मी मान लांब करून हळूच पडद्यावरच्या रेंजच्या दांड्या मोजल्या. पाचच्या पाच होत्या.