विनाथांबा नंदुरबार

आमच्या लोटननानांच्या हिशेबी वादळ येत नाही, ते सुटतं. एसटीची गाडी सुटावी तसं. दसरा झाला की नाना ओट्यावर उभे राहतात, हातातला जुना तिकिटाचा चिमटा खिडकीच्या गजावर दोनदा आपटतात आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडतात, "बंगालना उपसागरमझून गाडी सुटनी शे! कोठेच थांबाव नही! विनाथांबा नंदुरबार!"

आता बंगालचा उपसागर कुठे आणि आपण कुठे! मधे अख्खा देश आडवा पडलाय. पण ज्याचा जन्म कंडक्टरकीत गेला त्याला देश म्हणजे एक लांबचा रूट. दोनदा टक-टक म्हणजे गाडी सोड, एकदा म्हणजे थांबव, हे एसटीत बसलेल्याला सांगायला नको. नानांनी एकदा वाजवल्याचं मी कधी ऐकलं नाही.

तुम्ही म्हणाल, ओरडू द्या म्हाताऱ्याला. अहो, पण आमच्या गल्लीमागे मिरचीच्या पथाऱ्या आहेत ना! नजर पुरेल तिथवर ओली लाल मिरची उन्हात पसरलेली. त्यातली एक माझ्या दिराची, आणि तिथे देठ खुडणाऱ्या बायांवर लक्ष ठेवायचं काम माझं. एक सर आली तर मिरची काळी पडते. घाबरून ताडपत्री टाकावी तर आतल्या आत घामेजते. म्हणजे नाना ओरडले की आमची दोन्हीकडून पंचाईत.

बरं, एखादा अंदाज तरी खरा ठरावा! मला तर एकही आठवत नाही. शेजारच्या पथारीचे रशीदभाई मुद्दाम विचारायचे, "काय नाना, तुमनी गाडी कोठे पंक्चर व्हयनी?"

"लेट शे. रद्द नही."

"टीव्हीवाला तर सांगस, ओडिशामाच संपी जाई."

"टीव्हीवालानी कधी डबल बेल मारेल शे का?"

मी म्हणायची, "नाना, चुकलं म्हणा की एकदा!"

"मी चुकनू नही, वहिनी. वादय चुकनं."

घ्या! वादळ म्हणायलाही तयार नाहीत, वादय! आणि चुकलं तेच!

टीव्हीशी तर त्यांचं उभं वैर. नकाशावरचा लाल रंग किनाऱ्याला टेकला की बातमी सांगणाऱ्या पोरीला दम भरायचे, "तठे थांबा नही, सांगं ना तुले! पुढे ले गाडी!"

गेल्या साली दिवाळीच्या तोंडावर मोठं वादळ उठलं. मी कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन त्यांच्याकडे गेले. काकू गेल्यापासून एकटेच असतात. बघते तर नाना ओरडत नव्हते. टीव्हीजवळ उभे राहून चिमटा त्याच्या काठावर वाजवत होते. टक-टक. टक-टक.

"शोभाना फोन लागत नही," वळून न बघता म्हणाले.

शोभा त्यांची एकुलती एक. जावई तिकडे लांब बंदरात कामाला, एवढंच आम्हाला ठाऊक. कुठे म्हणून विचारलं तर नाना "सुखी शे पोर" म्हणून विषय बदलायचे. मी नकाशाकडे पाहिलं. लाल भोवऱ्याखाली ओडिशातल्या बंदराचं नाव येत होतं, पारादीप.

"नाना, शोभा इथेच का हो?"

"तठे थांबा नही," नाना म्हणाले. टक-टक.

भाकरी ठेवली आणि मी बाहेर आले. इतकी वर्षं आम्ही बोटं मोडत होतो, की हा माणूस देशातली सगळी वादळं आमच्या मिरचीवर बोलावतो. बोलावतच होता की!

तडक पथारीवर गेले आणि बायांना म्हटलं, "झाका गं सगळं."

रशीदभाई धावत आले. "भाभी, डोकं फिरनं का? वर देखा तरी!"

आभाळात नखाएवढा ढग नव्हता.

"नानांची गाडी येतेय," मी म्हटलं. "तिकडे थांबायचं नाहीये तिला. तिकडे शोभा आहे."

रशीदभाई आपल्या मिरचीकडे बघत राहिले. ऐन उन्हात चांगली तडतडत होती. मग त्यांनी स्वतःच्या हातांनी ताडपत्री ओढली. "येवू दे मंग आठेच," म्हणाले. "देखी लेसू आपण तिले!"

दुसऱ्या दिवशी दुपारी शोभाचा फोन लागला. घराचे पत्रे उडाले होते, माणसं धड होती. नाना ओट्यावर आले. डोळे सुजलेले, आवाज मात्र तोच. "गाडी तठून पास व्हयनी!" टक-टक.

मग त्यांना आमच्या झाकलेल्या पथाऱ्या दिसल्या. वरचं कडक ऊन दिसलं.

"लेट शे," हळूच म्हणाले.

"रद्द तर नही ना?" रशीदभाईंनी विचारलं.

नानांनी नाही म्हणून मान हलवली. आणि आम्ही ताडपत्र्या आणखी एक दिवस तशाच ठेवल्या.