राठोड सर लाटेवर

"पप्पा, तुमचं सर्फिंग पक्कं झालं!" खुशीनं आतल्या खोलीतून ओरडून सांगितलं आणि रामधन राठोड सरांचा चहा कपातून बशीत आणि बशीतून लुंगीवर सांडला.

"माह्यं काय पक्कं झालं?"

"सर्फिंग! गोव्याले. एकट्याचा तास हाये, शिकवणारी फक्त तुमच्यासाठी. हेडसर मले बाजारात भेटले, तेच म्हणत होते का सर गोव्याले लाटेवर उभे राहणार हायेत. मले काहून नाही सांगतलं?"

सांगण्यासारखं काही नव्हतंच. राठोड सर पुसदच्या एका शाळेत बावीस वर्षं खेळाचे शिक्षक होते. दिवाळीच्या सुट्टीआधी गणिताचे शाम सर स्टाफरूममध्ये महाबळेश्वरच्या तळ्यात नाव वल्हवल्याची हकिगत तिसऱ्यांदा सांगू लागले, तेव्हा राठोड सरांना राहवलं नव्हतं. "नाव काय कोणीबी वल्हवते," ते म्हणाले होते. "मी यंदा सर्फिंग करून राह्यलो." आदल्या दिवशी मोबाइलवर कुणीतरी लाटेवर उभं असलेलं त्यांनी पाहिलं होतं, तेवढाच त्यांचा त्या खेळाशी संबंध. मुख्याध्यापक पुंडलिकरावांनी लगेच टेबलावर थाप मारली. "वा! मंग जानेवारीत आपल्या पोरांचं पोहण्याचं शिबिर तुमीच घ्या, राठोड सर." आणि राठोड सर "घेतो ना" म्हणून मोकळे झाले होते.

अडचण एकच होती. राठोड सरांना पोहता येत नव्हतं.

ही गोष्ट जगात फक्त त्यांनाच ठाऊक होती. चोवीस वर्षांपूर्वी हंसाबाईंना बघायला गेले, तेव्हा सरांच्या मामानं भरल्या बैठकीत सांगून टाकलं होतं, "पोरगा पूस नदीच्या पुरातून पोहत गेलता अन् परीक्षा देऊन आलता." खरं म्हणजे तो पुलावरून गेला होता, आणि पूरही आदल्या रात्रीच ओसरला होता. पण समोर चहाचा ट्रे घेऊन हंसाबाई उभ्या होत्या आणि त्यांचे डोळे मोठे झाले होते. अशा वेळी कोण मामाला खोटं पाडतो? तेव्हापासून तो पूर दरवर्षी थोडा थोडा वाढतच गेला.

"फारम भरला मी," खुशी बाहेर येऊन म्हणाली. "पोहता येते का, असं इचारलं होतं. मी 'उत्तम' लिहिलं. खाली पुराचंबी लिहिलं."

"पोरी, पुराचं कायले लिहाचं?" सर कळवळले.

"खरं तेच लिहिलं ना!"

हंसाबाई ओट्यापाशी शेवेचा सोऱ्या फिरवत होत्या. त्यांनी वळून सरांकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा सोऱ्या फिरवू लागल्या.

राठोड सरांनी रात्रभर विचार करून मनाला समजावलं. तास एकट्याचा आहे, म्हणजे बघायला कुणी नाही. अंगात तरंगणारं जॅकेट असणार. गुडघाभर पाण्यात एक फोटो काढायचा, पाठीत चमक भरली म्हणायचं आणि बाहेर यायचं. या हिशेबात त्यांना काही चूक सापडली नाही.

पहिली चूक गोव्याच्या किनाऱ्यावर सकाळी साडेसात वाजता सापडली. शिकवणारी दीपा वेंगुर्ल्याकडची, पंचविशीतली, उन्हानं रापलेली मुलगी होती. तिनं सरांच्या हातात एक काळा घट्ट सदरा आणि तसलीच चड्डी ठेवली. ती चढवून सर आडोशातून बाहेर आले तेव्हा हंसाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"हसू नको, हंसा."

"मी कुठं हसून राह्यली?" पदराआडून आवाज आला.

"अन् जॅकेट?" सरांनी दीपाला विचारलं. "तरंगाचं?"

"तुम्हाला कशाला जॅकेट, काका?" दीपा हसली. "पुरात नदी ओलांडलेला माणूस तुम्ही! तुमचा फॉर्म वाचून मी आमच्या सगळ्यांना दाखवला. नवख्यांना मी जॅकेट घालते आणि काठाशीच ठेवते. तुम्हाला जरा आत नेते, मजा येईल."

सरांच्या पायाखालची वाळू सरकली. लाट अजून तिथवर आलीही नव्हती.

"पण नियम तं नियमच असते ना," ते कसेबसे म्हणाले. "मी शिक्षक हाये. नियम मोडला तं पोरं काय शिकतीन?"

दीपा काही बोलणार, तेवढ्यात खुशीनं मोबाइल वर धरला. "पप्पा, इकडे पाहा! हेडसर लाइनवर हायेत. शाम सरबी हायेत."

पडद्यावर दोन चौकोन होते. एकात पुसदच्या आपल्या घरी बनियनवर बसलेले पुंडलिकराव, दुसऱ्यात कपाळाला आठ्या घातलेले शाम सर.

"राठोड सर, नमस्कार!" पुंडलिकराव ओरडले. "लाट कुठं हाये? दिसून नाही राह्यली!"

"जॅकेट-बिकेट घालून करतीन बहुतेक," शाम सर म्हणाले. "नावेतबी आमाले घातलंच होतं."

राठोड सरांनी छाती पुढं काढली. "जॅकेट लेकरं घालतात," ते म्हणाले, आणि हे शब्द आपल्याच तोंडातून निघाले याचा सगळ्यात मोठा धक्का त्यांनाच बसला.

वाळूवरचा सराव बरा झाला. फळीवर पोटावर झोपायचं, हातांनी वल्हवल्यासारखं करायचं, दीपा "उठा" म्हणाली की झटक्यात उभं राहायचं. कोरड्या वाळूवर सर झकास उभे राहिले. पुंडलिकरावांनी टाळ्याही वाजवल्या. मग दीपानं फळीचा पट्टा सरांच्या घोट्याला बांधला. हा पट्टा कशाला, असं सरांनी विचारलं.

"तुम्ही पडलात तर फळी वाहून जाऊ नये म्हणून."

"अन् मी वाहून गेलो तं?"

दीपाला तो विनोद फार आवडला.

पाणी गुडघ्याला लागलं तोवर सर बोलत होते. मांड्यांना लागलं तेव्हा गप्प झाले. कमरेला लागल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि फळीवर आडवे होऊन तिला अशी मिठी मारली की दीपाला ती त्यांच्या हातातून थोडी सोडवून घ्यावी लागली. समुद्राच्या पाण्याची चव इतकी खारट असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं, आणि पायाखालची जमीन अशी जिवंत असल्यासारखी सरकत असेल, असं तर कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

"लाट येतेय! तयार... उठा!"

सर उठले नाहीत. लाट आली आणि फळीसकट त्यांना आडवं करून गेली. नाका-तोंडात पाणी गेलं. त्यांनी जिवाच्या आकांतानं हातपाय झाडले, फळी उसळली आणि तिचं टोक दीपाच्या हनुवटीवर बसलं. दीपा मागच्या मागे पाण्यात पडली. ती खोकत, डोळे चोळत उभी राहिली तोवर परतीच्या पाण्यानं फळी ओढून नेली होती. फळीवर, तिला पोटाशी घट्ट धरून राठोड सर होते, आणि किनारा दर क्षणाला लहान होत होता.

"अबे बाप्पा! धरा! कोणी धरा ना मले!" सर ओरडत होते. वाऱ्यानं त्यातलं एक अक्षरही काठावर पोचत नव्हतं.

"पाहा, पाहा! आत चालले!" फोनमध्ये पुंडलिकराव खूश होते. "मोठी लाट पकडाले चालले. जिगर लागते त्याले, शाम सर!"

"हात काहून हलवून राह्यले?" शाम सरांनी विचारलं.

"आपल्यालेच टाटा करून राह्यले!"

दीपानं शिट्टी फुंकली आणि पोहायला सुरुवात केली. पण तिच्याही आधी कुणीतरी पाण्यात शिरलं होतं. खुशीनं वळून पाहिलं तर शेजारी नुसत्या चपला होत्या. आईला हाक मारताना तिच्या तोंडून एकदम घरची, बंजाऱ्यांची गोरबोली निघाली, "याडीऽऽ!"

हंसाबाईंनी लुगड्याचा कासोटा मारला होता. अंगावर आलेली पहिली लाट त्यांनी डोकं खाली घालून वरून जाऊ दिली आणि मग लांब लांब हात मारत त्या निघाल्या. घाई नाही, आरडाओरडा नाही. पाहता पाहता त्या दीपाच्या पुढं गेल्या. खुशीचा वासलेला आ तसाच राहिला. आई भाकरी थापते, पोटमाळ्यावर चढते, रिक्षावाल्याशी भांडते, हे तिला माहीत होतं. हे तिनं कधीच पाहिलं नव्हतं.

राठोड सरांनी डोळे उघडले तेव्हा फळीच्या टोकापाशी बायकोचं ओलं डोकं दिसलं. आपण मेलो आणि ही मागोमाग आली, असंच त्यांना वाटलं.

"हंसा, तू? तू कशी आली इथं?"

"पोहत आली. हलू नका."

"तुले पोहता येते?"

"तुमाले येत नाही?"

सरांनी मान हलवली. चोवीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं होतं, आणि तेही फळीला गाल चिकटवून.

"मंग आले कायले इतक्या आत?" हंसाबाई म्हणाल्या. पण भांडायला ती जागा नव्हती. त्यांनी फळीचं तोंड किनाऱ्याकडं वळवलं, मागून ढकलत पाय मारू लागल्या आणि थोड्या वेळानं दम खायला स्वतःच फळीवर चढून बसल्या. तेवढ्यात मागून लाट आली. फळीनं अशी धाव घेतली की सरांनी पुन्हा डोळे मिटले. हंसाबाईंना मात्र ती धाव ओळखीची वाटली. लहानपणी बापाच्या वावरात ढेकळं फोडायला बैलांमागे फळी फिरायची, तेव्हा वजनाला तिच्यावर हंसाबाईच उभ्या असायच्या. किनारा किती राहिला ते बघायला त्या उठल्या, गुडघ्यात जरा वाकल्या, आणि उभ्याच राहिल्या.

किनाऱ्यावर सकाळी फिरायला आलेले लोक थांबून बघू लागले. हिरव्या लुगड्यातली एक बाई लाटेवरून ताठ उभी येत होती आणि तिच्या दोन पायांच्या मधे काळ्या कपड्यातला एक माणूस पालथा पडलेला होता. फळी वाळूला लागली. हंसाबाई खाली उतरल्या, लुगडं पिळलं आणि म्हणाल्या, "उठा आता, जमीन आली."

मागून धापा टाकत दीपा आली. हनुवटीवर हात, चेहरा पांढराफटक. "काकू... तुम्ही आधी कुठं शिकलात हे?"

"फळीवरचं? वावरात. अन् पोहणं बापाच्या विहिरीत. तांड्यावरच्या साऱ्याच पोरी शिकतात."

"मले कधी सांगतलं नाही!" सर वाळूवर बसल्या बसल्या म्हणाले.

"तुमी पुराचंच सांगत होते. त्याच्यापुढं विहिरीचं काय सांगाचं?"

खुशी रडत होती आणि हसतही होती. तिच्या हातातल्या फोनमधून आरोळ्या येत होत्या. "राठोड सर! कमाल! जोडीनं! अन् वहिनीले तुमीच शिकवलं असन ना? मानलं तुमाले! शिबिर आता तुमच्याशिवाय होत नाही!"

राठोड सरांनी फोन हातात घेतला. 'हो' म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. सरांनी बायकोकडं पाहिलं. ती केसांतली वाळू झटकत होती आणि मुद्दाम दुसरीकडं बघत होती.

"हेडसर," सरांनी घसा खाकरला, "मी बुडत होतो. मले पोहता येत नाही. आयुष्यात कधीच येत नव्हतं."

पुंडलिकराव पडद्यावर तोंड उघडं ठेवून थिजले. बराच वेळ ते तसेच राहिले. मग चौकोन हलला. "हॅलो? आवाज तुटून राह्यला, राठोड सर! पण दिसलं सारं! ठेवतो, घरचे चिवड्याले बोलावून राह्यले. अभिनंदन!"

फोन बंद झाला. एवढा जीव एकवटून सांगितलेलं खरं अरबी समुद्रात पडून गेलं होतं. सर पुन्हा फोन लावायला लागले तेव्हा हंसाबाईंनी त्यांचा हात धरला.

"नाही ऐकलं ना त्याईनं? राहू द्या. जानेवारी लांब हाये. आंधी शिका, मंग सांगा."

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी दुपारी दोघं हंसाबाईंच्या माहेरच्या विहिरीत होते. कापूस फुटला होता, सगळा तांडा वेचणीला गेला होता. विहिरीवर दोन साळुंक्यांखेरीज कुणी नव्हतं. सरांच्या पाठीला तेलाचा रिकामा बंद डबा बांधलेला होता आणि दोन्ही हातांत वरून सोडलेला दोर होता. दोर सोडा, असं हंसाबाई पाऊण तास सांगत होत्या आणि सर पाऊण तास 'सोडतो' म्हणत होते.

"पाय मारा. भेऊ नका. मी हाये ना."

"हंसा, तुले राग नाही आला?" सरांनी विचारलं. "चोवीस वर्षं खोटं बोललो मी तुह्याशी. बैठकीतच बोललो."

हंसाबाई पाण्यावर उताण्या पडून वर आभाळाकडं बघत होत्या.

"त्या बैठकीत मीबी एक बोललती," त्या म्हणाल्या.

"काय?"

"बारावी पास हाये म्हणून. मी नापास होती. इंग्रजीत. दोन खेपा बसली, दोन्ही खेपा गेली."

"काय?" राठोड सरांचे दोन्ही हात कपाळाकडं गेले. शाळेतल्या प्रत्येक पालकसभेत ते आपल्या बारावी पास बायकोचं उदाहरण देत आले होते. "नापास? हंसा! अन् मी साऱ्या पुसदले सांगत फिरलो! लग्नाच्या पत्रिकेत छापलं होतं ते! माह्या बापानं मुद्दाम मोठ्या अक्षरात छापून घेतलं होतं! तू, तू एक शब्दानं..."

बोलता बोलता ते तरातरा हात मारत तिच्या दिशेनं निघाले होते. विहीर ओलांडून तिच्यासमोर येऊन त्यांनी बोट रोखलं, तेव्हा हंसाबाई हसत नुसत्या त्यांच्या मागं बघत होत्या.

सरांनी वळून पाहिलं. दोर विहिरीच्या पार दुसऱ्या टोकाला लोंबत होता.