साळवे बाईंच्या दहा चुली

तमाम ग्रामस्थांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, शनिवारी आमच्या शाळेच्या मैदानावर कसलेही गावजेवण नव्हते. तिथे तीनचा पाढा चालू होता.

पाढ्याला दहा चुली कशाला, हे मलाही नीट उमगलेलं नाही, आणि मी त्याच शाळेत मास्तर आहे. शेजारचा दुसरीचा वर्ग साळवे बाईंचा. तिथे पाढे घोकायला बंदी. "आधी उचल, मग बोल," हा बाईंचा कायदा. दोनच्या पाढ्याला त्यांनी लेकरांना गावातल्या बैलांची शिंगं मोजायला लावली होती. बैलांचे मालक अजून माझ्याशी बोलत नाहीत.

तीनसाठी चूल. एका चुलीला तीन दगड. मग दोन चुलींना?

"पाच," रेणू म्हणाली.

बाईंनी पुन्हा विचारलं. पाचच.

"मधला दगड दोन्हीकडून चालतोय की, बाई. आमच्या घरी तसंच हाय."

बाई माझ्याकडे बघायला लागल्या, मी दगडांकडे. पोरगी चुकली म्हणावं, तर तिच्या आईच्या भाकरी रोज भाजल्या जात होत्याच.

बाई महिनाअखेरीला निवृत्त होणार. शेवटच्या वर्गातलं एकही लेकरू कच्चं राहू नये, एवढाच ध्यास. तीन दुणे पाच मागे ठेवून त्या जाणार कशा?

तोड त्यांनीच काढली. चुली इतक्या लांब मांडायच्या की दगड वाटून घेताच येऊ नये. लेकरांनी मैदानभर दहा चुली मांडल्या, आणि त्या गावाला दिसल्या.

आधी दोन म्हातारे पाणी प्यायला आले आणि बसलेच. मग ताटं आली. कुणी लाकडं टाकून गेलं. हा पाढा आहे, असं मी प्रत्येकाला समजावत होतो. लोक मान डोलवायचे आणि हळूच विचारायचे, वरण हाय का कढी?

एवढ्यात रेणू दहाही चुलींना हात लावून आली. "तीस, बाई. आता कुणाचा दगड कुणाला न्हाई."

बाईंनी तिला पोटाशी धरलं. मी सुटकेचा निःश्वास टाकला. पण बाईंनी तोवर दुकानातून तांदूळ आणि डाळ मागवली होती. पदर खोचून त्या पहिली चूल पेटवायला बसल्या.

मी जवळ जाऊन म्हटलं, पाढा तर आला, आता लोकांना घरी पाठवू.

परभणीहून रोज ये-जा करणाऱ्या, तिथे एका खोलीत एकटीपुरता स्वयंपाक करणाऱ्या बाई धुरातून एकदम बोलून गेल्या, "राहू द्या हो सर. माझ्याकडं आजवर कोणी जेवायलाच आलं न्हाई."