पाणकोंबडीची पोर आणि शेकरूताईंची समन्वय समिती

एका जंगलात, पोरांनो, सगळ्यांकडे सगळं होतं, फक्त जागा नव्हती. एकेका झाडात चार-चार बिऱ्हाडं. वर घार, मध्ये पोपट, खाली घुशी. घुशी म्हणायच्या वरून घाण पडते, घार म्हणायची खालून वास येतो. म्हणजे चांगलं सुधारलेलं, शहरासारखं जंगल.

त्या जंगलात एक दिवस पाण्यातली मंडळी आली. पोरं बरोबर म्हणून चालत आली. लांबच्या तळ्यात दोन मगरींचं भांडण लागलं होतं, तळं माझं की तुझं. भांडता भांडता त्यांनी बांधच फोडला. पाणी गेलं, चिखल राहिला. त्या चिखलाचा मालक कोण, हे मगरी अजून ठरवतायत. बाकीच्यांनी पोरं घेतली आणि वाट धरली.

त्यांत एक पाणकोंबडी होती, शेवंता. नवरा चिखलातच राहिला. मागे एक पोर तेवढी, तिच्या कपाळावर लाल ठिपका, म्हणून नाव टिकली. शेवंतेने एका करवंदीच्या जाळीखाली संसार मांडला. बदकं डबक्याच्या कडेला गेली, बगळे कुणाच्या तरी बाभळीवर पोटभाडेकरू झाले. जिथे जागा मिळाली तिथे जो तो घुसला.

सुरुवातीला बरं चाललं होतं. सुतारपक्षी साल ठोकायचा, अळ्या खाली पडायच्या, तो खाली बघायचा नाही. म्हशी चरायच्या, त्यांच्या पायांतून किडे उडायचे, म्हशी काही बोलायच्या नाहीत. कोण कुणाला मदत करतंय हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यामुळे मदत होत होती.

अडचण एकच. इथली बोली.

तळ्यात बिबळ्या नव्हता. इथे होता. तो दिसला की झाडावरचं वानर खोकल्यासारखं ओरडायचं, खॅक, खॅक. ते कानावर पडलं की इथली पोरं झुडपात. त्यांना कुणी शिकवावं लागत नव्हतं. तळ्याच्या पोरांना काय कळणार? बदकिणीच्या धाकट्याला वाटलं, वानराला पडसं झालंय. ते वर बघून म्हणालं, "आजोबा, अडुळसा घ्या."

बिबळ्याने त्याला वाक्य पुरं करू दिलं. तेवढी सभ्यता त्याच्याजवळ होती.

त्या दिवसापासून शेवंतेला घास गिळवेना. टिकली जरा लांब गेली की ही मागे धावायची. शेवटी ती उठली आणि उंबराखाली गेली. उंबरावर हुपाबाई राहायची. म्हातारी वानरीण, तोंडाने फटकळ, हाताने त्याहून. तिची खॅक-खॅक, इथल्या बोलीत खोक, जंगलातली सगळ्यांत खणखणीत.

"बाई, माझ्या पोरीला तुमची खोक शिकवा," शेवंता म्हणाली.

"अन् मला काय मिळणार?"

"माझ्याकडे काय असणार हो?"

"चोच आहे ना? माझ्या पाठीत गोचड्या झाल्यात. तू त्या वेच, मी हिला शिकवते."

झाला व्यवहार. बदकिणीने उरलेली पोरं पाठवली, बगळीणही आली. हुपाबाई वरून खोकायची. पोरं माना वर करून बघत राहायची. मग वरून कच्चं उंबर यायचं, नेमकं डोक्यावर.

"वर काय बघतीस गं, टिकले? मी काय वरातीतला नवरदेव आहे? खॅक म्हटलं की पळायचं."

टिकली पळाली. पण आवाजाच्या दिशेला पळाली. पुन्हा उंबर. दुसऱ्या खेपेला उलटीकडे पळाली, तर म्हशीच्या पोटावर आपटली. पण पळाली. शेवंता गोचडी चोचीत धरून बघत होती. आणखी थोडे दिवस, तिला वाटलं. आणखी थोडे दिवस, की पोर जगेल.

आणि नेमक्या तेव्हाच शेकरूताई आल्या.

शेकरूताई म्हणजे मोठं प्रस्थ. तपकिरी अंग, झुबकेदार शेपूट, ह्या झाडावरून त्या झाडावर उड्या. जमिनीला पाय म्हणून लागायचा नाही. जमिनीवरचं त्यांना सगळं माहीत होतं, कारण वरून दिसायचं.

"मदत खूप चाललीय," ताई म्हणाल्या. "पण समन्वय कुठे आहे? सुतारपक्ष्याला म्हशींचं माहीत नाही, म्हशींना हुपाबाईंचं माहीत नाही. हे असं चालायचं नाही."

चाललं होतं. पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. ऐकणाऱ्यांना एकदम आपलं काहीतरी चुकतंय असं वाटलं. चांगलं बोलणाऱ्याची हीच तर खुबी असते, पोरांनो.

झाली समिती. अस्वलराव अन्न बघणार, मोरपंत संस्कार बघणार, हुपाबाई शिक्षण उपसमितीच्या प्रमुख. बसायचं कुठे? सगळ्यांत मोठी सावली उंबराची. म्हणून सभा उंबराखाली. शाळा कुठे? तीही उंबराखालीच होती. मग शाळा तूर्त थांबवली, कारण शाळेबद्दलच चर्चा करायची होती.

सुतारपक्ष्याला सांगितलं, परस्पर अळ्या पाडू नयेत, त्याने दुजाभाव होतो. म्हशींना सांगितलं, ठरलेल्या बाजूलाच चरा. आणि अस्वलरावांनी सगळ्यांना मध वाटला. पाणकोंबडीला मध. बदकाला मध. बगळ्याची चोच चिकटली ती संध्याकाळपर्यंत उघडली नाही. अस्वलराव म्हणाले, "बघा, तृप्त झालाय. शब्द फुटत नाही."

शेवंता उंबराखाली गेली, मान वर करून उभी राहिली.

"ताई, शाळा कधी सुरू व्हायची?"

"शाळेचंच चाललंय, शेवंताबाई."

"पण पोरं घरी बसलीत."

"घरी का? मोरपंत शिकवतायत ना."

मोरपंत शिकवत होते, ते खरंच. स्वागतगीत शिकवत होते. कारण सभा म्हटली की पाहुणा आला, पाहुणा आला की स्वागत आलं, आणि ते परक्या पोरांनी गायलं की पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी येतं. टिकलीचा गळा गोड निघाला. तिला पुढे उभं केलं.

"आलात तुम्ही, आलात तुम्ही, धन्य जाहली आमची भूमी," टिकली जाळीखाली म्हणून दाखवायची.

"कुठली भूमी गं?" शेवंता विचारायची.

"आपली."

"आपण आलोय की ते आलेत?"

"पंत म्हणाले, अर्थ नंतर शिकवणार आहेत."

शेवंतेने मग हुपाबाईला एकटीला गाठलं. म्हातारी फांदीवर मागे रेलून बसली होती. गळ्यात रानफुलांची माळ होती.

"बाई, गुपचूप शिकवा की. गोचड्या वेचते."

"आता तसं नाही करता येत, शेवंते. मी आता उपसमिती आहे. एकटीने शिकवलं तर ताई म्हणतात समन्वय बिघडतो."

"आणि बिबळ्या?"

"तो विषय घेतलाय. पुढच्या सभेत आहे."

"गोचड्या?"

"त्या आता अस्वलराव बघतात," हुपाबाई म्हणाली आणि कराकरा पाठ खाजवली.

एवढ्यात आणखी एक ठराव झाला. सभेत कुणीतरी सारखं खोकतंय, चर्चेत व्यत्यय येतो, अशी तक्रार होती. तेव्हा सभा चालू असताना खोकायचं नाही. हुप्प करायचं नाही. बोलायचं असेल तर हात वर करायचा. ठराव हुपाबाईंनीच मांडला. प्रमुख झाल्यापासून त्यांना आपली खोक जरा गावंढळ वाटायला लागली होती.

मग आली मोठी सभा. पलीकडच्या डोंगरावरचा गवा प्रमुख पाहुणा. येऊन बसला आणि रवंथ करत राहिला. त्याला सगळे विचारवंत म्हणाले. तळ्याची सगळी पोरं उंबराच्या उघड्या अंगणात रांगेने उभी. पुढे टिकली. शेवंता कडेला गवतात. स्वागतगीत झालं. गव्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते माशी गेली होती म्हणून. शेकरूताई वरून बोलल्या. अस्वलराव खालून बोलले. सगळ्यांत शेवटी मोरपंत आभार मानायला उठले आणि पिसारा फुलवून पुढे आले. गवताला पाठ करून.

शेवंतेचं लक्ष पंतांकडे नव्हतं. ती हुपाबाईकडे बघत होती. म्हातारी फांदीवर एकाएकी ताठ झाली. डोळे गवताच्या एका बाजूला खिळले. गळ्याची शीर फुगली. तोंड उघडलं.

आणि मिटलं. म्हातारीने हात वर केला.

"हुपाबाई, प्रश्न शेवटी घेऊ," शेकरूताई गोड आवाजात म्हणाल्या.

हुपाबाईने दुसराही हात वर केला.

"हो, हो, घेऊ ना. पंतांचं होऊ द्या."

"...आणि ज्यांच्या उदार आश्रयामुळे," मोरपंत म्हणत होते, "आमचे हे तळ्याचे बंधू..."

शेवंतेने म्हातारीच्या नजरेची रेघ धरली. गवत हललं. वारा नव्हता. पुढे टिकली उभी होती, पंख जोडून, पंतांनी शिकवलं होतं तशी.

शेवंतेला खोक येत नव्हती. ती शिकायची राहिली होती, पोरीचीही, आईचीही. पण तिला तिच्या तळ्याची हाळी येत होती. मगर वर आली की आया द्यायच्या ती. तिने मान लांब केली आणि दिली. क्रुक. क्रुक. क्रुक.

तळ्याच्या एकाही पोराला ती शिकवावी लागली नव्हती. बदकं, बगळे, टिकली, सगळी रांग एका क्षणात मोडली आणि करवंदीच्या जाळीत नाहीशी झाली. पाणी नव्हतं, तर त्यांनी काट्यांत बुडी मारली.

"शिस्त, शिस्त," अस्वलराव ओरडले. "बाई, आभार चाललेत."

इथल्या कुणालाच क्रुक कळत नव्हतं. एवढे दिवस ती मंडळी इथे राहत होती, पण त्यांची बोली शिकावी असं कुणाला सुचलं नव्हतं. सगळे माना वळवून शेवंतेकडे रागाने बघत होते. मोरपंतही बघत होते.

तेवढ्यात पंतांचं भाषण संपलं. मधेच.

बिबळ्या गेल्यावर बराच वेळ पिसं उडत होती. गवा रवंथ करायचा थांबला होता. हुपाबाईचे दोन्ही हात अजून वर होते.

दुसऱ्या दिवशी शोकसभा. शेवंतेला बोलावणं गेलं.

"तुमच्या ओरडण्यामुळे पंतांचं लक्ष विचलित झालं," अस्वलराव म्हणाले.

"मी ओरडले म्हणून पोरं वाचली."

"पोरांचं आम्हीही बघतोच आहोत. पण सभेचा एक मान असतो."

शेकरूताईंनी शेपूट सावरलं. "शेवंताबाई, तुम्ही नवीन आहात. आम्ही समजून घेतो. सगळ्यांसमोर माफी मागा, विषय संपला. नाहीतर समितीला वाईट निर्णय घ्यावा लागेल. टिकलीला शाळेतून काढावं लागेल."

शेवंतेने वर पाहिलं. मग उंबराखाली पाहिलं. सभा चालू होती. सकाळपासून चालू होती.

"कुठल्या शाळेतून, ताई?" तिने विचारलं.

अस्वलरावांनी आजचे विषय पुन्हा मोजले. हा विषय घेतला नव्हता. शेवंता वळली आणि टिकलीला घेऊन चालू लागली. मागे नवीन पाहुण्यासाठी स्वागतगीत कोण म्हणणार, यावर चर्चा सुरू झाली.

त्यानंतर काय झालं, की करवंदीच्या जाळीखाली पोरं जमायला लागली. शेवंता गवताच्या आड जाऊन क्रुक करायची, पोरं काट्यांत शिरायची. कधी मागून, कधी पुढून, कधी खाताना. टिकली सगळ्यांत आधी गडप व्हायची आणि बाकीच्यांना वाकुल्या दाखवायची. मग एक चितळीण आली, पाडस घेऊन. उंबराकडे एकदा बघून घेतलं आणि हळूच म्हणाली, "आमच्या खोकेचा काही भरवसा राहिला नाही, बाई. तुमचं ते क्रुक शिकवाल का ह्याला?"

"शिकवते. तुमच्या अंगावर गोचड्या आहेत का?"

"भरपूर."

"मग झालं तर."

सशीण आली. साळिंदरीण आली. सुतारपक्षी पुन्हा खाली न बघता साल ठोकायला लागला. शेवंतेला घास गोड लागायला लागला. पोरगी जगणार होती.

असं चाललं असताना एका सकाळी जाळीवरची फांदी हलली. झुबकेदार शेपूट खाली लोंबलं. शेकरूताई हसत होत्या.

"छान," त्या म्हणाल्या. "फारच छान उपक्रम. ह्याला आता फक्त समन्वय हवा."

शेवंतेने मान लांब केली.

क्रुक.

क्षणात जाळीखाली कुणी नव्हतं. बदक नाही, बगळा नाही, पाडस नाही, टिकलीचा लाल ठिपकासुद्धा नाही. मोकळी जमीन, आणि जरा हलणारे काटे.

शेकरूताईंनी खाली बघितलं. मग घसा साफ करून पुरं भाषण केलं. शेवटी विचारलं, कुणाची हरकत आहे का? कुणीच काही बोललं नाही. तेव्हा ठराव एकमताने मंजूर झाला.

तात्पर्य : बाळांनो, बिबळ्याला उगाच नावं ठेवू नयेत. तो एका वेळी एकालाच खातो, आणि पोट भरलं की थांबतो.