उदासीच्या मंजूर तारखा

माणसाने दुःख जरूर करावे. मात्र ते नियमात बसवून करावे, हे सुसंस्कृत कार्यालयाचे पहिले लक्षण आहे.

आमच्या वजनमापे कार्यालयात ही सुधारणा एका इंग्रजी शब्दामुळे झाली. हजेरीपटाच्या शेऱ्यात कोणीतरी 'वातावरण डिस्मल' असे लिहून ठेवले. मोठ्या साहेबांनी शब्दकोश मागवला. डिस्मल म्हणजे उदास. पण मुळात हे लॅटिनमधले 'वाईट दिवस'. जुन्या दिनदर्शिकांत असे दिवस महिन्याला दोन, नेमून दिलेले असत. एवढी शिस्त पाहून साहेबांचे डोळे पाणावले. (ते नियमबाह्य नव्हते, नियम दुसऱ्या दिवशी निघाला.)

परिपत्रकानुसार दहा आणि पंचवीस तारीख उदासीसाठी राखीव झाली. अकरा ते एक उसासे; अश्रू जेवणाच्या सुट्टीनंतर, कागदपत्रे बाजूला सारून. पहिल्या तिमाहीत किरकोळ उदासी एकाहत्तर टक्क्यांनी घटली. उरलेली एकोणतीस टक्के एकट्या टंकलेखकाची होती, पण त्याचा चेहराच तसा असल्याने ती वगळण्यात आली.

घोळ घातला तो वजने तपासणाऱ्या तात्यांनी. त्यांची थोरली बहीण चौदा तारखेला गेली. आईमागे तिनेच त्यांना वाढवले होते. सोळाला तात्या कामावर आले आणि दोन किलोचे पितळी वजन हातात धरून ढसाढसा रडायला लागले.

"तात्या, आज सोळा," साहेब हळूच म्हणाले. माणूस मनाने वाईट नाही.

"माहीत आहे, साहेब."

"नऊ दिवस कळ काढा. मग मनसोक्त रडा. रुमाल मी देतो."

"ताईलाच सांगायला हवं होतं साहेब, जरा तारीख बघून जा म्हणून."

हे उत्तर लेखी खुलासा समजून फाइलला लावले गेले. तात्यांनी डोळे पुसले आणि वजन तराजूत ठेवले.

पंचवीसला साहेबांनी शब्द पाळला. ते रुमाल घेऊन तात्यांच्या टेबलाशी उभे राहिले, सारे कार्यालय मागे. पण तात्यांच्या डोळ्यांतून टिपूस निघेना. साडेपाच वाजले. विहित वेळेत वापर न झाल्याने ती उदासी रद्द समजण्यात आली. तेव्हापासून तात्या वेळेवर येतात, वजने तपासतात, कोणाशी चकार शब्द बोलत नाहीत. आदर्श कर्मचारी म्हणून त्यांचे नाव वर गेले आहे.

काही वाचकांना ही व्यवस्था निर्दय वाटेल. आपल्या शेजारी कोणी रडू लागले, तेव्हा "आत्ता नको, लोक बघतायत" असे आपणच म्हणालो होतो, हे त्यांनी आठवावे. आणि त्याला पुढची तारीख दिली होती का, तेही.